कोपरखैरणेची एक खालची दाढ, आमचा ज्युनियर आणि १५ नंबरची फाइल

मी दातांची डॉक्टर, आणि ही रूट कनालची केस मागच्या पावसाळ्यातली. लिहायचं ठरवून बरेच महिने झाले, पण क्लिनिक संपवून घरी आलं की हात चालत नाहीत, आज रविवार, ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक, दोन अपॉइंटमेंट त्यातच गेल्या, म्हणून बसले एकदाची. पेशंट आणि ज्युनियर दोघांनाही विचारलंय, दोघंही लिहा म्हणाले, पण नावं देत नाही.

पेशंट म्हणजे आमचे काका. वय ५२, वाशीच्या भाजी मार्केटला माथाडी, मूळचे पाटणकडचे, कोपरखैरणेत राहून पंचवीस वर्षं झाली तरी बोली तशीच. रात्री गाड्या उतरवायच्या, सकाळी घरी येऊन झोपायचं, त्यामुळे आमच्याकडे यायची वेळ दुपारी तीन. खालची डावी पहिली दाढ, आमच्या भाषेत ३६ नंबर, तीन रात्री ठणकत होती. चहा तोंडात घेतला की कळ डोक्यात, आणि थंड पाण्याची चूळ धरली की दोन मिनिटं बरं, म्हणून काका मार्केटला बर्फाच्या पाण्याची बाटली कमरेला लावून हिंडत होते. गरमाने दुखतं आणि थंडाने थांबतं हे ऐकलं की निम्मं निदान खुर्चीत बसायच्या आधीच होतं, नस आतून सडायला लागलेली असते. ठोकून बघितलं तर काका खुर्चीतून उठले. आरव्हीजी (दाताचा डिजिटल एक्सरे) काढला, कीड नसेपर्यंत पोचलेली, आणि पुढचं मूळ, म्हणजे मेशियल, खालच्या तिसऱ्या भागात मागे चांगलंच वळलेलं. मोजलं तर ३० अंशांच्या आसपास. १९७१ पासून ज्या पद्धतीने आपण सगळे हे मोजतो त्या श्नायडरच्या हिशोबाने २५ च्या वर गेलं की ते तीव्र वळण.

"डॉक्टरीणबाई, उपटा की त्यो दात, कशाला इतका उटारेटा," काकांचं पहिलं म्हणणं. त्यांना समजावण्यात दहा मिनिटं गेली, कारण दुसऱ्या बाजूचीही एक दाढ आधीच खराब होती, आणि दोन्हीकडून गेल्यावर भाकरी चावायची कशाने?

इथे माझी पहिली चूक. त्या शनिवारी दुसऱ्या खुर्चीवर माझं चार दातांच्या कॅपचं काम चालू होतं, मापं घ्यायची बाकी होती, म्हणून काकांना ब्लॉक (त्या बाजूची नस सुन्न करणारं इंजेक्शन) दिलं, बाजूने आर्टिकेन टोचलं (इतका तापलेला दात नुसत्या ब्लॉकने सुन्न होईल याची खात्री कधीच नसते), रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावला आणि ज्युनियरला सांगितलं, ओपनिंग कर (दाताला वरून वाट), कॅनॉल शोध (मुळातली नसेची नळी), १० नंबरची फाइल (नळी घासायची बारीक सुई) टाकून लेंथ, म्हणजे नळीची लांबी, घेऊन ठेव, मी आलेच. ज्युनियर म्हणजे इंटर्नशिप संपून आठ महिने झालेला मुलगा. हात हलका, पेशंटशी बोलणं छान, लहान मुलं तर त्याच्याकडेच जातात. पण कॉलेजमधे वाट्याला आलेले दात बरेचसे पुढचे, सरळ मुळांचे. वळलेल्या मेशियल मुळाशी त्याची खरी ओळख काकांच्याच तोंडात झाली. हा एक्सरे बघून मी त्याला बसवायलाच नको होतं.

वीस-पंचवीस मिनिटांनी आला, चेहरा उतरलेला. "मॅडम, एमबी मधे (मेशियल मुळातलं गालाकडचं कॅनॉल) १० नंबर जात होता २० मिलिमीटरपर्यंत, आता १७ ला अडतोय. रोटरी टाकू का, ती जाईल का खाली?"

रोटरी म्हणजे मोटरवर फिरणारी फाइल. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, सगळी केस त्या वाक्यात आहे. त्याला वाटलं हाताने जमत नाही ते मशीनने जमेल, आणि असं वाटणं चूक तरी कसं म्हणणार, आपल्या सगळ्या जाहिराती आणि कोर्सेस तेच तर सांगत असतात.

खुर्चीवर बसले आणि बघितलं. ओपनिंग लहान होतं. दात वाचवायचा म्हणून लहान ठेवलं म्हणाला, हेतू चांगला, पण मेशियल बाजूचा डेन्टिनचा (दाताच्या आतल्या कठीण थराचा) ओठ तसाच राहिला होता. खालच्या दाढेचं मेशियल कॅनॉल तोंडाशी आधी पुढे जातं आणि मग मागे वळतं. तो ओठ काढला नाही तर फाइलला दोन वळणं घ्यावी लागतात, एक वर आणि एक खाली, वरच्या वळणातच तिची निम्मी लवचिकता संपते आणि खाली पोचेपर्यंत ती सळई झालेली असते. १० नंबर तरीही गेला, बारीक असतो, कसाही वाकतो. मग त्याने १५ घेतला. सरळ, पाकिटातून काढला तसा, टोक न वाकवता. आणि दाबला.

१० वरून १५ वर जाणं हे आपल्याला एक पायरी वाटतं, नंबरांमधे पाचचाच फरक दिसतो. पण १० म्हणजे टोकाला ०.१० मिलिमीटर आणि १५ म्हणजे ०.१५, म्हणजे सरळ ५० टक्के वाढ. १५ वरून २० ला ३३ टक्के, २० वरून २५ ला २५ टक्के, आणि ५५ वरून ६० ला जेमतेम ९ टक्के. म्हणजे सगळ्यात मोठी उडी सगळ्यात अरुंद जागेत. वर ताठपणा काही जाडीच्या प्रमाणात वाढत नाही, जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, १.५ चा चौथा घात काढून बघा, पाच येतो. टोकाशी पाचपट ताठ झालेली स्टीलची सुई वळणावर नेऊन दाबली तर ती वळणार कशाला, ती समोरच्या भिंतीत घुसते. वळण मागे होतं, म्हणून बाहेरच्या म्हणजे मेशियल भिंतीत तिने स्वतःसाठी एक पायरी कोरली. हाच लेज. आणि एकदा लेज झाला की नंतरची प्रत्येक फाइल, १० सुद्धा, इमानेइतबारे त्याच पायरीवर जाऊन उभी राहते.

आता इथे रोटरी टाकली असती तर काय झालं असतं? निकेल-टायटॅनियम लवचिक आहे हे खरं. १९८८ साली वालिया आणि मंडळींनी दात सरळ करायच्या तारेपासून पहिल्यांदा या धातूच्या १५ नंबरच्या फाइल बनवून बघितल्या तेव्हा त्या स्टीलपेक्षा दोन ते तीनपट लवचिक निघाल्या, आणि तिथूनच आजचा हा सगळा रोटरीचा संसार सुरू झाला. पण लवचिक म्हणजे हुशार नव्हे. फाइलचं टोक मुद्दाम बोथट ठेवलेलं असतं, ती असलेल्या वाटेने जाते, वाट शोधत नाही. ३०० आरपीएमवर फिरणारी फाइल लेजवर जाऊन टेकली असती, टोक अडकलं असतं, वर मोटर फिरवत राहिली असती, आणि मग एक तर पायरी आणखी खोल झाली असती नाहीतर टोक पिळवटून तुटलं असतं. टॉर्क कंट्रोल आहे, ऑटो रिव्हर्स आहे, सगळं आहे, पण बारीक टोक तुटायला लागणारा जोर इतका कमी असतो की मोटरला कधीकधी कळेपर्यंत तुकडा आत राहिलेला असतो. माझ्या प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी वरच्या दाढेत असाच एक तुकडा राहिलाय. आवाज पण होत नाही हो, फाइल बाहेर येते आणि आपल्याला ती जरा आखूड वाटते, बस.

तर मी पहिल्यांदा तो ओठ काढला. जपून, कारण मेशियल मुळाची मागची भिंत, दोन मुळांच्या मधली, एक मिलिमीटरच्या आसपासच असते आणि तिथे भोक पडलं की दातच गेला. ब्रश मारल्यासारखं फक्त पुढच्या बाजूला घासायचं, मागे नाही. मग नवा १० नंबर घेतला, नवाच, वापरलेल्याचं टोक चुरगळलेलं असतं. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर चिमट्यात धरून चांगले वाकवले, अर्धवट हुकासारखे, आणि रबर स्टॉपरचं टोक वाकाच्या दिशेने फिरवलं, म्हणजे फाइल आत गेल्यावर दिसलं नाही तरी वाक कुठे बघतोय ते बाहेरून कळतं. मागे. नेहमी मागे. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, जंतू मारायचं द्रावण) भरलेलं, मधेमधे ईडीटीए (चुरा विरघळवायचं द्रावण), आणि मग नुसतं टोचत टोचत फिरायचं, दाबायचं नाही.

ज्युनियर शेजारी उभा होता, त्याला विचारलं, काय जाणवतं सांग, आणि फाइल त्याच्या हातात दिली. म्हणाला कडक लागतंय. म्हटलं कडक म्हणजे कसं? कारण कडकचे तीन प्रकार आहेत. लेजवर फाइल भिंतीवर टकटक केल्यासारखी लागते, खट, आणि लगेच मोकळी. खाली चुरा साठला असेल तर चिखलात काठी घातल्यासारखं, लागतं पण जरा दबतं. आणि खऱ्या वाटेत शिरली की ती धरते, मागे ओढताना अगदी नावाला पकड जाणवते, पावसात फुगलेल्या दाराची कडी काढताना जशी लागते ना तशी. ही पकड ओळखायला मला किती वर्षं लागली सांगता येणार नाही, मला शिकवणाऱ्या मॅडमनी पण ती शब्दांत सांगितली नव्हती, नुसतं "आली का? आली का?" विचारायच्या.

पकड यायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्यात रात्रपाळीचे काका तोंड उघडं ठेवून झोपले. घोरायला लागले तेव्हा असिस्टंटने सक्शन सांभाळत माझ्याकडे असं बघितलं की मला हसू आवरेना.

पकड आली की फाइल बाहेर काढायची नाही, हा मोह इतका वाईट असतो की काय सांगू. तिथेच एक-एक मिलिमीटर वरखाली करत राहायचं, अगदी सैल होईपर्यंत. एपेक्स लोकेटर (मुळाचं टोक कुठे ते दाखवणारं यंत्र) लावला, २० वर आला, आरव्हीजीत पण तेच. मग १० नंतर लगेच १५ नाही. माझ्याकडे १२ नंबर संपले होते म्हणून जुनी युक्ती केली, १० नंबरचं टोक एक मिलिमीटर कापलं. फाइल दर मिलिमीटरला ०.०२ ने जाड होत जाते, त्यामुळे एक मिलिमीटर कापला की टोक ०.१२ चं होतं. कापलेली कड घासून गुळगुळीत केली, वाकवली, घातली. मग वाकवलेला १५. तो मोकळा खेळायला लागल्यावर मोटर, आणि ती पण हीट ट्रीटेड फाइल, जी वाकवली की वाकलेली राहते. साधी निकेल-टायटॅनियम पुन्हा सरळ व्हायला बघते आणि पुन्हा लेजवर जाऊन बसते. २५ नंबरपर्यंत नेलं आणि थांबले. बाकीची दोन कॅनॉल अर्ध्या तासात झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइड (दोन भेटींच्या मधलं औषध) भरून त्या दिवशी बंद केलं.

काका जागे झाल्यावर त्यांना सांगितलं, वाटेत आमच्याकडून एक छोटी पायरी झाली होती, म्हणून वेळ लागला, पार केलीय, पण पुढे दुखलं तर लगेच या. सांगावं की नाही यावर आमच्या ओळखीच्या डॉक्टरांमधे दोन मतं असतात, मी सांगते. काकांना सगळं समजलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं. म्हणाले, "म्हंजी कुंभार्लीच्या घाटात वळण न घेता सरळ गेल्यागत झालं की." अगदी तेच.

आठवड्याने काका आले तेव्हा ठोकून काही दुखलं नाही, गटापर्चा (नळीत कायमचं भरायचं रबरासारखं द्रव्य) भरला, तीन आठवड्यांनी कॅप बसवली.

पण माझ्या डोक्यातून ज्युनियरचा तो प्रश्न जात नव्हता. रोटरी टाकू का? समजा त्याने पहिल्यापासून रोटरीच वापरली असती, १५ चा स्टील हातात घेतलाच नसता तर? एका बुधवारी दुपारी क्लिनिक रिकामं होतं, म्हणून आम्ही दोघं टेबलावर बसलो. विद्यार्थ्यांना शिकवायचे ते पारदर्शक प्लास्टिकचे ब्लॉक असतात, आत इंग्रजी जे सारखं वळलेलं कॅनॉल, ते आणले. आत शाई भरायची, मोबाइलने फोटो, काम झालं की पुन्हा फोटो. दोघांनी स्टीलने एक-एक आणि रोटरीने एक-एक. याला संशोधन म्हणू नका, चार ब्लॉकचं कसलं संशोधन, दोघांची खाज होती.

त्याचा स्टीलचा ब्लॉक अपेक्षेप्रमाणे, खालच्या टोकाला बाहेरच्या बाजूला फाटलेला आणि त्याच्यावर कंबर आवळल्यासारखी, वाळूच्या घड्याळाचा आकार. १९७५ साली वाइनने असल्याच ब्लॉकमधे हा आकार दाखवला होता, तेव्हापासून तो तसाच आहे, माणसं बदलली. माझा स्टीलचा बरा होता, पण नीट बघितलं तर वळण जरा सरळ झालेलं. आणि वेळ जवळजवळ दुप्पट, कारण मी दर फाइलला थांबून वाकवत बसले. रोटरीचे दोन्ही ब्लॉक शेजारी ठेवले आणि कोणता कोणाचा हे मलाच ओळखता आलं नाही. मागे नंबर लिहिले होते म्हणून कळलं. दुसरं जे कळलं ते जरा झोंबलं. त्याचा रोटरीचा ब्लॉक माझ्या स्टीलच्या ब्लॉकपेक्षा चांगला होता. १९ वर्षांचा हात आणि स्टील एकीकडे, आठ महिन्यांचा हात आणि मोटर दुसरीकडे, पोरगा जिंकला. तो काही बोलला नाही, पण चहा त्यानेच मागवला. बाहेरही हे दिसलेलं आहे, २००३ मधे जर्मनीत डेंटलच्या विद्यार्थ्यांनी दोन्ही प्रकारांनी ब्लॉक केले तेव्हा रोटरीत असली फाटाफाट कमी झाली होती आणि वेळही वाचला होता.

मग मी म्हटलं थांब, आता खरे दात. काढलेल्या खालच्या दाढा आमच्याकडे बरणीत असतात. पहिली त्याने स्वतः उघडली आणि सरळ मोटर लावली. फाइल कॅनॉलच्या तोंडाशीच धरली, मोटर तीनदा उलटी फिरली, चौथ्यांदा त्याने जरा रेटलं आणि दोन मिलिमीटरचा तुकडा आत. बरणीतल्या दातात, देवाची कृपा. दुसरी दाढ मी उघडून दिली, १० आणि १५ मी मोकळे करून दिले, मग फाइल त्याने चालवली. एक्सरेत माझ्या दाढेशेजारी ठेवली तर पुन्हा फरक सांगता येईना.

प्लास्टिकच्या ब्लॉकमधे ओपनिंग नसतं, डेन्टिनचा ओठ नसतो, वाट आधीच कोरलेली असते, गोल असते. म्हणून तिथे नवखा आणि जुना सारखे दिसतात. खऱ्या दातात १५ नंबर मोकळा होईपर्यंतचं काम बोटांचं आहे, तिथे अनुभव कामाला येतो आणि कुठलीही महागडी फाइल त्याची जागा घेत नाही. १५ च्या वर मात्र आमच्यासारख्या जुन्यांनी उगाच हट्ट करू नये, तिथे मोटर आमच्यापेक्षा सरस आहे. आमच्या पिढीतले काहीजण म्हणतात पहिली पाच वर्षं पोरांना मोटर देऊच नका, आधी हात बसू दे. अहो पण त्या पाच वर्षांत ज्यांच्या दातात हात बसतो ते काका असतात कोणाचे तरी. आणि उलट टोकाचे म्हणतात हॅन्ड फाइल आता म्युझियममधे ठेवा. त्यांनी आमची बरणीतली पहिली दाढ बघायला यावं.

अजून एक राहिलं. सुंदर आकार झाला म्हणजे कॅनॉल स्वच्छ झालं असं नाही. २००१ मधे पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रो सीटी करून दाखवलं की कुठलीही फाइल वापरा, भिंतीच्या ३५ टक्के किंवा जास्त भागाला ती शिवतच नाही. तिथे पोचतं ते हायपो. रोटरीने काम पाच मिनिटांत उरकतं आणि मग हायपोला पण पाचच मिनिटं मिळतात, ही रोटरीची खरी खोड आहे आणि ती ज्युनियरला नाही, मलाच लागली होती. आता फाइल संपली तरी घड्याळ लावून धुतो.

क्लिनिकमधे दोन गोष्टी बदलल्या. रोटरी फाइलच्या पाकिटावर किती कॅनॉल झाले त्याच्या रेघा आधीही मारायचो, आता जास्त वळणाची दाढ झाली की रेघा न मोजता फाइल टाकून देतो, महाग पडतं, पडू दे. आणि आरव्हीजी बघून वळण किती हे ज्युनियरने मला सांगायचं, मगच कोण बसणार ते ठरतं.

सहा महिन्यांनी काकांना बोलावलं, मुळाच्या टोकाशी सगळं ठीक दिसतंय. १७ मिलिमीटरवर बाहेरच्या बाजूला एक बारीक पांढरा ठिपका आहे, सीलर (गटापर्चाबरोबर भरायचा लेप) शिरलंय त्या पायरीत. माहीत नसेल तर कोणाला दिसणार पण नाही. काकांनी कोथिंबिरीच्या चार जुड्या आणल्या होत्या, आणि उजवीकडची दाढ पण बघा म्हणाले. फोटो काढला, वळण १५ च्या आत, बऱ्यापैकी सरळ. "ह्यो पोरगाच करू दे," काका म्हणाले, "पयल्याला त्याला घाट दावला, आता सपाटीला काय हुतंय." ज्युनियरने ट्रेमधून १० नंबर उचलला आणि रबर डॅम लावायच्या आधीच त्याचं टोक वाकवायला घेतलं.